दोराचं खालचं टोक

जोशीमठहून औलीला जाणाऱ्या रोपवेचे दोन डबे रहाटाच्या दोन पोहऱ्यांसारखे चालत. एक वर निघाला की दुसरा खाली यायला लागायचा, आणि खाली येणाऱ्याच्या वजनाने वर जाणाऱ्याचा चढ हलका व्हायचा. अंतर चार किलोमीटरहून थोडं जास्त, वाटेत दहा मनोरे, एका डब्यात पंचवीस माणसं. खालचं टोक सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या जोशीमठ गावात, वरचं टोक सुमारे ३,००० मीटर उंचीवर औलीच्या बर्फाळ उतारावर. गावाची पत्र्याची छपरं मागे पडत, मग पायाखालून बांज आणि देवदारांचे शेंडे सरकत, मग सगळं पांढरं होई आणि समोर नंदादेवीचं शिखर उभं राही.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात हे डबे थांबवण्यात आले. दिवस ऐन हंगामाचे होते आणि वरच्या टोकाला काहीच झालेलं नव्हतं. खाली, ज्या गावात दोराचा पहिला मनोरा रोवलेला होता, त्या गावची जमीन खचत होती. घरांच्या भिंतींत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

औलीचं नाव गेल्या तीस वर्षांत देशभर झालं. महाराष्ट्रातूनही दर हिवाळ्यात माणसं तिथे जातात, पहिल्यांदा बर्फ पाहतात, पहिल्यांदा स्कीवर पाय ठेवतात आणि आयुष्यभर पुरेल अशी आठवण घेऊन परततात. त्या आठवणीत जोशीमठ असतं ते एका रात्रीच्या मुक्कामापुरतं. पण औली जोशीमठाच्या खांद्यावर बसलेली आहे, आणि तो खांदा किती भार सोसेल हे गावकऱ्यांना आणि सरकारी कागदांनाही फार आधीपासून ठाऊक होतं. ही गोष्ट त्या खालच्या टोकाची आहे.

दोन ऋतूंचं गाव

या मुलुखाचं जुनं नाव पैनखंडा. इथलं वर्ष पूर्वापार दोन भागांत विभागलेलं. वैशाखात बदरीनाथचे दरवाजे उघडत, दिवाळीनंतर काही दिवसांनी मिटत. दरवाजे मिटले की शंकराचार्यांची गादी खाली जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येई आणि हिवाळाभर तिची पूजा तिथेच होई. म्हणजे उन्हाळ्यात जोशीमठ बदरीच्या वाटेवरचा टप्पा, आणि हिवाळ्यात देवाचंच बिऱ्हाड तिथे.

माणसांचंही तसंच. नीती आणि माणा या दोन खोऱ्यांतले मारछा आणि तोलछा भोटिया उन्हाळ्यात वरच्या गावांत राहत, शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य आणि गूळ लादून घाट ओलांडत, तिबेटातून मीठ, लोकर आणि टाकणखार आणत. थंडी पडली की कुटुंबकबिल्यासह खालच्या गावांत उतरत. औली तेव्हा कुणाचं पर्यटनस्थळ नव्हतं. तो एक बुग्याल होता, झाडांची हद्द जिथे संपते तिथला गवताळ माळ. परसारी, सुनील या आसपासच्या गावांची गुरं पावसाळ्यात तिथे चरत. बर्फ पडला की त्या माळावर कुणी जात नसे, कारण तिथे जाण्यासारखं काही उरतच नसे.

नृसिंह मंदिरातल्या मूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत चालला आहे, अशी इथली श्रद्धा आहे. तो हात गळून पडेल त्या दिवशी जय आणि विजय हे दोन डोंगर कोसळून एकमेकांना भिडतील, बदरीची वाट कायमची बंद होईल, आणि मग देवाचं दर्शन तपोवनजवळच्या भविष्य बदरीला होईल. ही कथा सांगणाऱ्यांनी भूशास्त्र शिकलेलं नव्हतं. पण आपण ज्या डोंगरावर राहतो तो कायमचा उभा नाही, हे भान त्यांच्या देवकथेतच होतं.

भूशास्त्रज्ञ आले ते १९३६ साली. आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्ट गान्सर हे दोन स्विस संशोधक मध्य हिमालय पायी हिंडले आणि १९३९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. जोशीमठ एका जुन्या, प्रचंड दरडीच्या राशीवर वसलेलं आहे, ही नोंद त्यांनी तेव्हाच करून ठेवली.

याचा अर्थ समजायला बांधकामाच्या वाळूचा ढीग डोळ्यांपुढे आणावा. ढिगात मोठे धोंडे रुतलेले असतात, आणि ढीग उभा राहतो तो या धोंड्यांनी वाळूला आणि एकमेकांना अडवून धरल्यामुळे. पायथ्याचा एक धोंडा काढला तर वरची वाळू घसरते. वरून पाणी ओतलं तरी घसरते. माथ्यावर विटांची थप्पी रचली तरी घसरते. जोशीमठ अशा ढिगावर आहे. त्याच्या पायथ्याशी विष्णुप्रयागला धौलीगंगा अलकनंदेला मिळते आणि दोन्ही नद्यांचं पाणी वर्षानुवर्षं तो पायथा कुरतडत असतं. शिवाय हा सगळा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात मोडतो.

सीमा बंद झाली तेव्हा

१९६० मध्ये गढवालमधून चमोली हा वेगळा जिल्हा काढण्यात आला, कारण तिबेटच्या सीमेवर ताण वाढत होता. १९६२ च्या युद्धाने नीती आणि माणाचे घाट बंद झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या व्यापारावर भोटियांची घरं चालली तो एका हंगामात संपला. मेंढ्यांचे तांडे ओस पडले, विणकाम उरलं ते घरच्यापुरतं.

त्याच युद्धाने रस्तेही आणले. मोटार वरपर्यंत पोचली, तशी लष्कराची ठाणी आली, छावण्या आल्या, त्यांच्यासाठी गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आणि ज्या वाटेने जवान वर गेले त्याच वाटेने लाकूड खाली जाऊ लागलं. जंगलांचे ठेके लिलावात निघत, दूरच्या शहरांतले ठेकेदार कुऱ्हाडी घेऊन येत.

जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला. बेलाकुची हे नदीकाठचं अख्खं गाव वाहून गेलं. पुराचा गाळ थेट हरिद्वारपर्यंत पोचला आणि गंगेचा कालवा त्याने भरून टाकला. गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाचे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी मदतीला धावले. गावोगाव हिंडताना त्यांच्या लक्षात आलं, की जिथे वरचं जंगल तुटलं होतं तिथेच डोंगर जास्त कोसळला होता.

या खोऱ्याच्या दारी खेळ पहिल्यांदा आला तो याच काळात. गढवालमध्ये अंगू नावाचं झाड होतं. त्याचं लाकूड हलकं आणि चिवट, म्हणून शेतकरी त्याची नांगराची जुवं आणि अवजारं करत. संघाने अवजारांसाठी मोजकी अंगूची झाडं मागितली, तेव्हा वनखात्याने नकार दिला. तीच झाडं अलाहाबादच्या एका कंपनीला टेनिसच्या रॅकेटी बनवायला देण्यात आली. एप्रिल १९७३ मध्ये मंडल गावाच्या लोकांनी ती तोड होऊ दिली नाही, आणि झाडाला मिठी मारण्याच्या त्या निर्धाराला ‘चिपको’ हे नाव पडलं.

पुढच्याच वर्षी ही ठिणगी जोशीमठच्या अंगणात पोचली. जोशीमठहून नीतीच्या वाटेवर रेणी हे तोलछा भोटियांचं गाव. तिथली सुमारे अडीच हजार झाडं लिलावात गेली होती. १९६२ नंतर लष्कराने घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून गावातल्या पुरुषांना चमोलीला बोलावण्यात आलं, आणि तोच दिवस साधून २६ मार्च १९७४ ला मजूर जंगलाकडे निघाले. एका मुलीने त्यांना पाहिलं आणि धावत गौरादेवींना सांगितलं. महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवींनी घराघरांतून बायका आणि मुली गोळा केल्या. सत्तावीस जणी जंगलात गेल्या आणि आडव्या उभ्या राहिल्या. हे जंगल त्यांना माहेरासारखं होतं. मजूर परत फिरले. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने या बायकांचंच म्हणणं उचलून धरलं, आणि त्या खोऱ्यातल्या सुमारे १,१५० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षं तोडीला बंदी झाली.

रेणीच्या बायकांनी मांडलेला हिशेब साधा होता. वरचं रान गेलं तर खालचं घर जाईल. शाळेत न गेलेल्या बायकांना तो कळत होता, आणि त्या दिवशी तो सरकारलाही मान्य करावा लागला.

१९७६: दोन कागद

त्या वेळी हा प्रदेश उत्तर प्रदेशात होता. जोशीमठमध्ये घरं खचू लागल्याच्या, जमिनीला भेगा पडल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा राज्य सरकारने गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली अठरा जणांची समिती नेमली. मे १९७६ मध्ये तिचा अहवाल आला.

तो अहवाल आज वाचताना छातीत धस्स होतं, कारण त्यातला शब्द न् शब्द पुढे खरा ठरला. समितीने लिहिलं, की जोशीमठ मूळ खडकावर नसून वाळू आणि दगडांच्या राशीवर आहे, आणि मोठी वसाहत होण्याजोगी ही जागा नाही. जमिनीची भार सोसण्याची ताकद तपासल्याशिवाय जड बांधकाम करू नये. उतारावरचे धोंडे खणून वा सुरुंग लावून काढू नयेत. दरडीच्या भागात एकही झाड तोडू नये, उलट मारवाडी आणि जोशीमठ यांच्या मधल्या उतारावर झाडं आणि गवत लावावं. भेगा बुजवाव्यात. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी जमिनीत मुरू न देता पक्क्या गटारांतून खाली न्यावं. बांधकामाचे दगड गावापासून पाच किलोमीटरच्या आत काढू नयेत. नदी जिथे पायथा कापते तिथे आधाराच्या भिंती घालाव्यात.

यातली बहुतेक कामं खर्चिक नव्हती. गटार बांधणं, झाड लावणं, भेग बुजवणं, धोंड्याला हात न लावणं, एवढंच तर होतं. गावच्या श्रमदानातूनही यातलं बरंच होऊ शकलं असतं, आणि काही वर्षं चिपकोच्या कार्यकर्त्यांनी या उतारांवर झाडं लावलीही. पण नियम करणं, परवाने देणं आणि नाकारणं हे ज्यांचं काम होतं, त्यांनी अहवाल कपाटात ठेवला.

त्याच १९७६ साली गढवाल मंडल विकास निगम स्थापन झालं. यात्रेकरूंसाठी आणि पर्यटकांसाठी निवास उभारणं, नव्या जागा लोकांसमोर आणणं हे त्याचं काम होतं, आणि ते गरजेचंही होतं. व्यापार बुडालेल्या, जंगलही हातचं गेलेल्या या डोंगरी जिल्ह्याला रोजगार हवाच होता. एकाच वर्षी एका कागदाने जोशीमठात माणसं आणायची व्यवस्था केली आणि दुसऱ्याने जोशीमठावरचा भार वाढवू नका असं बजावलं. हे दोन कागद एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवून वाचले गेले असते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

बर्फाला भाव आला

औलीच्या उताराचा गुण आधी ओळखला तो भारत-तिबेट सीमा पोलिसांनी. १९६२ च्या युद्धात उभारलेल्या या दलाचे जवान वर्षातले कितीतरी महिने बर्फात गस्त घालत, म्हणून स्की ही त्यांची गरज होती. १९७३ मध्ये दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंग प्रशिक्षण संस्था औलीत सुरू झाली. उतार लांब, एकसलग, सुरुवातीला सौम्य आणि पुढे उभा. मागे देवदारांचं रान वाऱ्याला अडवतं.

जवानांमागून नागरिक आले. विकास निगमाने स्कीचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग सुरू केले. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात रोपवे चालू झाला, उतारावर खुर्च्यांची लिफ्ट बसली, बर्फ दाबून सारखा करणारी यंत्रं आली. ९ नोव्हेंबर २००० ला उत्तराखंड वेगळं राज्य झालं आणि आपल्या राज्याची ओळख म्हणून औलीकडे पाहिलं जाऊ लागलं.

गावाला यातून मिळालं ते मोलाचं होतं. शतकानुशतकं जोशीमठची कमाई उन्हाळ्याच्या सहा महिन्यांची. बदरीनाथचे दरवाजे मिटले की दुकानांच्या फळ्या लागत आणि तरुण मुलं देहरादून, दिल्लीची वाट धरत. स्कीमुळे पहिल्यांदाच हिवाळ्यालाही भाव आला. कुणी बूट, काठ्या आणि हातमोजे भाड्याने देऊ लागलं, कुणी घोडं घेतलं, कुणी चहा-मॅगीची टपरी टाकली, कुणी घरातली एक खोली पाहुण्यांसाठी रंगवून घेतली. सुनील-परसारीची पोरं गुरांमागे ज्या उतारावर धावली होती त्याच उतारावर स्की शिकली, आणि त्यांतले काही पुढे दुसऱ्यांना शिकवणारे झाले. गावात राहून पोट भरता येतं, ही गोष्ट डोंगरातल्या माणसाला किती मोठी असते हे ज्याच्या गावचे तरुण शहराकडे गेले आहेत त्याला सांगायला नको. कोकणातल्या घराघराला ती कळेल.

पण वर जेवढी गर्दी वाढली तेवढी खाली जागा हवी होती. शिवाय जोशीमठहून बदरीनाथकडे गाड्या ठराविक वेळी सोडण्याची ‘गेट’ची पद्धत कित्येक वर्षं होती, त्यामुळे उन्हाळ्यात हजारो यात्रेकरूंना इथे रात्र काढावीच लागे. यात्रा, बर्फ, हेमकुंड, फुलांची दरी, लष्कर, सरकारी कार्यालयं, सगळ्यांचा मुक्काम एकाच दरडीवर. लाकूड-दगडाच्या बुटक्या घरांच्या जागी सिमेंटच्या चार-पाच मजली इमारती उठल्या. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती १६,७०९ होती, आणि हंगामात त्याहून कितीतरी अधिक माणसं तिथे अंघोळ करत, कपडे धूत, संडास वापरत. हे सगळं पाणी शोषखड्ड्यांतून थेट त्या ढिगात मुरत होतं. पक्क्या गटारांची गोष्ट १९७६ च्या अहवालातच राहिली होती.

बर्फ बनवावा लागला

जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा भरल्या. बर्फावरच्या स्केटिंगचे सामने देहरादूनला आणि स्कीचे औलीला. त्यासाठी उतार रुंद झाले, झाडं गेली, वर एक कृत्रिम तळं खोदलं, आणि त्या तळ्यातलं पाणी फवारून बर्फ पाडणारी यंत्रं बसली. औलीच्या उताराला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

पण त्यानंतरच्या वर्षांत बर्फ लहरी झाला. कधी उशिरा पडला, कधी पडून चार दिवसांत वितळला. पुरेसा बर्फ नाही म्हणून ठरलेल्या स्पर्धा रद्द करण्याची वेळ औलीवर एकापेक्षा जास्त वेळा आली. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांनाही थंडी लागतेच. रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला नाही तर त्यांचं काही चालत नाही. ज्या बुग्यालाकडे एके काळी हिवाळ्यात कुणी फिरकत नसे, त्याच्याकडे आता सगळं गाव डोळे लावून बसू लागलं, आभाळ भरून येण्याची वाट पाहत. पावसाकडे पाहणाऱ्या आपल्या दुष्काळी गावांसारखं.

जून २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गाजलेल्या गुप्ता उद्योगपती कुटुंबातली दोन लग्नं औलीच्या माळावर झाली. तंबूंचं नगर उभं राहिलं. प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने हेलिकॉप्टर उतरवायला मनाई केली आणि तीन कोटी रुपये जमा करायला लावले. पाहुणे गेल्यावर जोशीमठच्या नगरपालिकेच्या कामगारांनी जो कचरा उचलला तो ३०० क्विंटलहून जास्त भरला. गढवालात बुग्यालावर देवतेचा वास मानतात. मोठ्याने बोलू नये, भडक कपडे घालून जाऊ नये, अशी जुनी शिस्त जिथे होती, तिथे हे घडलं.

पायाखाली

गाव वरून जड होत होतं, आणि खालूनही काहीतरी घडत होतं. धौलीगंगेचं पाणी अडवून ५२० मेगावॅट वीज काढणाऱ्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचा बोगदा जोशीमठच्या आजूबाजूच्या डोंगरातून चालला होता. डिसेंबर २००९ मध्ये खोदाईचं अजस्र यंत्र डोंगराच्या पोटातल्या पाण्याच्या साठ्यात घुसलं आणि रोज कोट्यवधी लिटर पाणी वाहून जाऊ लागलं. या बोगद्यामुळे गाव खचलं असं गावकरी म्हणतात, आणि प्रकल्पाच्या कंपनीने ते कायम नाकारलं आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण जोशीमठवाल्यांच्या झऱ्यांवरचं पाणी आटल्याच्या तक्रारी त्या काळापासूनच्या आहेत.

७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी रौंटी शिखराचा एक प्रचंड कडा, खडक आणि बर्फासह, ऋषिगंगेच्या खोऱ्यात कोसळला. दोनशेहून अधिक माणसं मेली वा बेपत्ता झाली, त्यांतले बरेच तपोवनच्या बोगद्यात काम करणारे मजूर होते. हा लोट रेणीच्या पायाशी घासून गेला. त्याच वर्षी पावसाळ्यात रेणीची जमीन सरकू लागली. गावात गौरादेवींचा पुतळा होता. तो सुरक्षित राहावा म्हणून उचलून जोशीमठला नेण्यात आला.

त्या वर्षाच्या अखेरीस जोशीमठमधल्या काही घरांना भेगा पडल्या. गावातले कार्यकर्ते अतुल सती आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘जोशीमठ बचाव संघर्ष समिती’च्या वतीने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सरकारी पाहणी होत नाही म्हटल्यावर समितीने स्वतःच भूशास्त्रज्ञांना साकडं घातलं. एस. पी. सती, नवीन जुयाल आणि शुभ्रा शर्मा यांनी येऊन गाव पाहिलं आणि २०२२ मध्ये आपलं म्हणणं लेखी दिलं. गावाने आपल्या पायाखालच्या जमिनीचा अहवाल स्वतः मिळवावा, ही घटना मला या साऱ्या इतिहासात रेणीच्या बरोबरीची वाटते. फरक इतकाच, की रेणीला मजूर परत फिरले होते. इथे थांबवायचं होतं ते डोळ्यांना न दिसणारं काहीतरी.

२ आणि ३ जानेवारी २०२३ च्या मधल्या रात्री मारवाडी भागातल्या एका वसाहतीत जमिनीतून गढूळ पाणी उसळलं. सिंहधार, गांधीनगर, मनोहरबाग, सुनील या वॉर्डांत लोकांना भिंती तडकल्याचे आवाज ऐकू आले. कडाक्याच्या थंडीत माणसं मुलंबाळं घेऊन अंगणात आली. लोकांनी मशाली घेऊन मोर्चा काढला, महामार्ग रोखला. उपग्रहाच्या चित्रांवरून इस्रोच्या केंद्राने सांगितलं, की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत गावाचा एक भाग ५.४ सेंटिमीटर खचला. थोड्याच दिवसांत ती माहिती संकेतस्थळावरून काढण्यात आली आणि सरकारी संस्थांनी परस्पर काही बोलू नये असा आदेश निघाला. एकमेकांवर कललेली दोन हॉटेलं पाडावी लागली. महिनाअखेर भेगा पडलेल्या इमारतींची संख्या ८६८ झाली, त्यांतल्या १८१ धोक्याच्या पट्ट्यात.

आठ शासकीय संस्थांनी तपास केला. त्यांचे अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर, लोकांसमोर आले. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने २,३६४ इमारती तपासल्या होत्या. त्यांतल्या सरळ वापरण्याजोग्या भरल्या ३७ टक्के.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मिश्र समितीने जे लिहिलं तेच नव्या यंत्रांनी पुन्हा मोजून दिलं.

लाता गावाचा कागद

याच खोऱ्यात एक वेगळा प्रयत्नही झाला. नंदादेवीचं अभयारण्य १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गिर्यारोहकांसाठी, तसंच आसपासच्या गावांसाठीही बंद झालं. गौरादेवींचं माहेर असलेल्या लाता गावची चराई गेली, मोहिमांतली हमाली आणि वाटाड्यांचं कामही गेलं. जंगल वाचवणाऱ्यांनाच जंगलात बंदी झाली. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी उद्यानात शिरून आपला हक्क मागितला, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी आपला जाहीरनामा लिहिला. त्यात म्हटलं होतं, की पर्यटन हवं, पण ते गावाच्या ठरावाने यावं. त्यात बायकांचा आणि दुर्बळांचा वाटा असावा, डोंगराला पेलेल तेवढीच माणसं यावीत. २००३ पासून उद्यानाची एक वाट मोजक्या लोकांसाठी, स्थानिक वाटाड्यांसह उघडली गेली. लाता श्रीमंत झालं नाही. पण किती माणसं पेलतील, हा औलीच्या बाबतीत कुणी न विचारलेला प्रश्न तिथे पहिल्या पानावर होता.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री, जोशीमठच्या भेगांना सहा महिने होतात न होतात तोच, इरशाळवाडीवर डोंगर आला. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्येच सह्याद्रीबद्दल अहवाल दिला होता, आणि गावसभेला विचारून विकास ठरवा हा त्याचा गाभा होता. त्याचं काय झालं ते आपण जाणतोच. औलीच्या बर्फावर फोटो काढणारे आपण आणि आपल्या घाटमाथ्यावर दुसरं घर बांधणारे आपण, ही एकच माणसं आहेत.

जोशीमठचं नाव आता सरकारदरबारी ज्योतिर्मठ झालं आहे. पुढचे हिवाळे रोपवेविना गेले, पर्यटक वळणावळणाच्या रस्त्याने गाड्यांतून औलीला जात राहिले. गावातली बरीच कुटुंबं तडकलेल्या घरांतच राहिली, कारण शेत तिथे, दुकान तिथे, देव तिथे. ही माणसं विकासाच्या विरोधात नव्हती आणि आजही नाहीत. स्कीने त्यांच्या हिवाळ्यात चूल पेटवली हे ती विसरलेली नाहीत. त्यांचं मागणं १९७६ चंच आहे. पाणी मुरू देऊ नका, झाडं लावा, धोंडे हलवू नका, आणि काही करण्याआधी आम्हाला विचारा.

दोन डब्यांच्या रोपवेचं यंत्र ज्याने आखलं त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वरचा आणि खालचा डबा एकाच दोराला बांधलेले असतात, आणि खालच्या स्थानकाचा पाया हलला तर वरचा डबा जागच्या जागी लटकतो. मनोहरबागच्या तडकलेल्या अंगणांवरून तो दोर अजूनही वर औलीकडे गेलेला दिसतो.